नांदगावचा मका, वर्ध्याचे खानखोजे आणि स्पॅनिशचा अभ्यास

मंडळी, पावसाळ्यात आपल्या नांदगाव तालुक्यात जिकडंतिकडं मका दिसतो. त्याचं माहेर मेक्सिको! याच मक्यावर तिथं संशोधन केलं एका मराठी माणसानं.

डॉ. पांडुरंग खानखोजे. जन्म वर्धा, १८८४. गदर चळवळीतले क्रांतिकारक. १९२०च्या दशकात ते मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, गहू-मक्याच्या वाणांवर काम केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरासारख्या थोर चित्रकारानं त्यांना भित्तिचित्रात स्थान दिलं. २०२२मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला.

म्हणून कॉलेजच्या पोरापोरींना सांगतो, मेक्सिकोत बोलली जाणारी स्पॅनिश म्हणजे फक्त कॉल सेंटरची नोकरी नव्हे. सुमारे वीस देशांचा समाज त्यातून उलगडतो.

▪ इतिहासवाल्यांना: मेक्सिकोत १९१०च्या क्रांतीनंतर झालेलं जमीनवाटप आपल्या कूळकायद्याशेजारी ठेवून अभ्यासता येईल.
▪ शेतीवाल्यांना: हरितक्रांतीच्या गव्हाचं बियाणं १९६६मध्ये मेक्सिकोतूनच जहाजानं आलं होतं.
▪ सहकारवाल्यांना: स्पेनच्या बास्क प्रांतातलं मोंद्रागोन. १९५६पासून तिथं कामगारच कारखान्यांचे मालक.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिश शिकता येतं. पूर्ण पदवी हवी असेल तर दिल्लीचं जेएनयू आहे. बारावी झालेल्या भाचे-पुतण्यांपर्यंत ही पोस्ट नक्की पोहोचवा.