धार येते ती हजारच्या दगडावर

वस्तऱ्याला घरी धार लावायला शिकणाऱ्या तरुणांकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. “आठ हजारचा दगड झाला, बारा हजारचा झाला, पट्ट्यावरही घासून पाहिलं, तरी केस ओढतोय. आता याहून बारीक कोणता दगड घेऊ?” आणि त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं: वीस हजारचा घे, नाहीतर बेल्जियमचा नैसर्गिक दगड मागव. खिशातले हजारो रुपये जातात, वस्तरा होता तसाच केस ओढत राहतो. मग शिकणारा वैतागून ब्लेडकडे वळतो आणि धार लावणं ही ठरावीक हातांनाच येणारी विद्या आहे, अशी समजूत करून घेतो. बारीक दगडाने धार येते हा मुळातला गैरसमज आहे आणि एवढी माणसं या कामापासून तुटतात ती त्याच्यामुळेच.

धार म्हणजे पात्याच्या दोन बाजूंचे उतार जिथे एकमेकांना मिळतात ती रेषा. बोथट वस्तऱ्यात ते मिळत नाहीत. त्यांच्यामध्ये एक अरुंद, गोलसर किंवा सपाट पट्टी राहते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण केसाला ती पुरेपूर जाणवते. ती पट्टी घालवायची तर दोन्ही उतारांवरचा धातू झिजवत झिजवत त्यांना पुन्हा एकत्र आणावं लागतं. किती झिजवावं लागतं ते साध्या भूमितीने काढता येतं. दोन्ही उतारांमधला कोन १६ अंशांचा आणि ती सपाट पट्टी १० मायक्रॉन रुंद असेल, तर धार सुमारे ३५ मायक्रॉन मागे सरकल्याशिवाय उतार मिळणार नाहीत. पाते अरुंद, कोन निमुळता, म्हणून थोडा बोथटपणा काढायलाही बराच धातू जावा लागतो.

आता दगडांचे आकडे पाहा. जपानी मानकाप्रमाणे १००० नंबरच्या दगडातले कण सरासरी साडेअकरा मायक्रॉनचे असतात, ८००० नंबरच्या दगडातले जेमतेम सव्वा मायक्रॉनचे. पहिला दगड धातू काढतो. दुसऱ्याचं काम आधीच्या दगडाने पाडलेले ओरखडे पुसायचं. न मिळालेले उतार आठ हजारच्या दगडावर मिळवू पाहणारा माणूस तासन्‌तास घासत बसतो आणि ती पट्टी जागची फारशी हलत नाही. तिथून बारा हजार, वीस हजार नंबरवर गेलं की धातू निघण्याचा वेग आणखीच कमी होतो. म्हणजे अडचण जितकी मोठी, तितकं दुबळं हत्यार हातात घ्यायचं! हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा तरी भिंगातून पात्याकडे पाहावं, अशी कळकळीची विनंती आहे.

फसवते ती चमक. बारीक दगडावर चार हात फिरवले की उतार आरशासारखे लखलखतात आणि काम झालं असं वाटतं. पण चमक फक्त एवढंच सांगते की उतारावरचे ओरखडे बारीक झाले. उतार टोकाशी भेटले की नाही, याबद्दल ती काहीच सांगत नाही. लखलखीत आणि बोथट असा वस्तरा अगदी सहज तयार होतो. नवशिक्यांचे बहुतेक वस्तरे याच अवस्थेत अडकलेले असतात.

उतार मिळाले आहेत का, हे पाहण्याचे मार्ग साधे आहेत. उताराच्या पूर्ण लांबीवर मार्करची शाई लावा आणि हजारच्या दगडावर अगदी हलक्या हाताने दोन-तीन वेळा फिरवा. जिथे शाई उरली, तिथे दगड पोहोचलाच नाही. बहुतेकदा ती टोकाशी किंवा मुठीकडच्या कोपऱ्यात उरते. मग दिव्याखाली धार वर करून सरळ तिच्याकडे पाहा. जिथे पांढरा ठिपका किंवा रेघ चमकते, तिथे प्रकाश परतवायला सपाट जागा शिल्लक आहे, म्हणजे तिथे धार नाही. मिळालेली धार प्रकाश परत पाठवत नाही, ती काळीच दिसते. शेवटी मनगटाजवळची लव. हजारच्या दगडावरून उतरलेला वस्तरा लव काढतोच. टोकापासून मुठीपर्यंत प्रत्येक भागाने ती सारखी निघाली पाहिजे. इथे अनेकांची उलटी गफलत होते. लव निघाली की ते थेट दाढीला बसतात आणि गाल सोलून घेतात. लव निघणं म्हणजे पहिला टप्पा संपला. त्यानंतर तीन-चार हजार, आठ हजार, हवा तर बारा हजार, आणि प्रत्येक दगडावर फक्त आधीचे ओरखडे जाईपर्यंत. हे पुढचं काम सोपं आणि लवकर होणारं आहे, पण पहिला टप्पा पुरा झालेला असेल तरच.

दुसरा गैरसमज पट्ट्याचा: चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासला की धार येते. ही समजूत कुठून आली असेल, ते समजू शकतं. जुन्या केशकर्तनालयात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर रोज पट्टाच असायचा. दगड अधूनमधून निघायचा, तोही दुकान मोकळं असताना. लोकांनी पाहिलं त्याला श्रेय दिलं. पण नुसतं चामडं धातू फारसा काढत नाही. ते धारेवरचा नाजूक धातू सरळ करतं, पुसतं, किंचित गुळगुळीत करतं. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन यांनी २००४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धारांची छायाचित्रं घेऊन हे तपासलं. कोऱ्या चामड्याचा परिणाम मामुली निघाला, क्रोमियम ऑक्साइडची लुकण लावलेल्या चामड्याचा मात्र स्पष्ट दिसला. धार असलेला वस्तरा पट्ट्यामुळे टिकतो, म्हणून तो दर दाढीआधी हवाच. नसलेली धार तो आणत नाही. दिशाही लक्षात ठेवा: दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. पट्ट्यावर धार पुढे करून ढकललीत तर चामडं कापलं जाईल.

“केस इतका मऊ, त्याने पोलाद कसं बोथट होईल?” असंही छातीठोकपणे विचारलं जातं. एमआयटीच्या रोशिओली, ताहेरी-मुसावी आणि तासन यांचा याच प्रश्नावरचा शोधनिबंध २०२० साली ‘सायन्स’मध्ये आला. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही धारेला कपचे पाडतो, कारण तो कापला जाताना वाकतो, पात्याला तिरपा भिडतो आणि पोलादाची आतली रचना सगळीकडे एकसारखी नसते. तो अभ्यास फेकून द्यायच्या रेझरच्या पात्यांवर होता, वस्तऱ्यावर नाही. पण मऊ केस कडक पोलादाला काही करू शकत नाही, हा युक्तिवाद त्याने कायमचा मोडला.

कोन हाताने सांभाळावा लागतो, ही भीती तर वस्तऱ्याच्या बाबतीत पूर्णच निराधार आहे. सुरीच्या बाबतीत ती खरी. वस्तरा दगडावर आडवा ठेवायचा असतो, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. कोन घडवतानाच ठरून गेलेला असतो: पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पाठीपासून धारेपर्यंत १८ मिलिमीटर असेल तर तो १६ अंशांच्या आसपास येतो. पाठ दगडावरून उचलायची नाही, बाजू बदलताना वस्तरा पाठीवरच फिरवायचा, एवढं पाळलं की कोनाची चिंता संपली. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावली तर कोन साधारण एका अंशाने वाढतो. त्यात वाईट काही नाही, फक्त प्रत्येक दगडावर ती असली पाहिजे. एका दगडावर लावली आणि पुढच्यावर काढली, की नवा दगड धारेपर्यंत पोहोचतच नाही.

जोर दिला की काम लवकर होतं? उलट होतं. इतकं पातळ पाते दाबाखाली वाकतं, धार दगडापासून उचलली जाते आणि घासला जातो तो मागचा भाग. शेवटच्या हातांना वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं.

इतके हात मारा, तितके हात मारा, असले आकडे कुणाच्याही वस्तऱ्याला लागू होत नाहीत. दगड आणि पोलाद वेगळं, बोथटपणाही वेगळा. मार्कर आणि भिंग सांगतील तेच ऐका.

नवा दगड सपाट असतो असं धरून चालू नका. पेन्सिलने त्यावर चौकटी आखा आणि हिऱ्याच्या प्लेटवर घासा. ज्या रेघा उरतात, तिथे खळगा आहे.

सायकलवरून फिरणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर वस्तरा कधीही देऊ नका. पातळ धार क्षणात तापते, आणि पोलाद निळं पडलं म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं. त्या जागेचा कडकपणा गेला, तो दगडावर परत येत नाही.

वस्तऱ्याला काही दिवस विश्रांती दिली की धार आपोआप परतते, हेही खरं नाही. पिरॅमिडखाली ठेवल्यावर ब्लेडची धार परत येते, या दाव्यावर चेकोस्लोव्हाकियात कारेल ड्रबल यांना १९५९ साली चक्क पेटंट मिळालं होतं. पेटंट मिळालं म्हणजे दावा सिद्ध झाला असं होत नाही.

सुरुवातीची खरेदी म्हणाल तर १००० चा एक दगड, ३००० आणि ८००० चा जोडदगड, तो सपाट ठेवायला हिऱ्याची प्लेट, साधं भिंग आणि चामड्याचा पट्टा. एवढ्यात दाढीची धार येते. बेल्जियमचे कोटिक्यूल किंवा क्योटोजवळच्या खाणींतले दगड सुंदर आहेत, त्यांनी येणारी धार त्वचेला सुखद लागते असं अनेकांचं मत आहे, पण ते शेवटचे हात देण्याचे दगड आहेत. मुंबईच्या चोरबाजारात जुना झोलिंगेनचा किंवा शेफील्डचा वस्तरा मिळाला आणि शिकायला घ्यावासा वाटला, तर मुठीचं नक्षीकाम बाजूला ठेवून आधी धार पाहा. धारेच्या अगदी काठाशी गंजाचे काळे खड्डे असतील तर तो घेऊ नका. खड्डा पोलादात खोल गेलेला असतो, घासताना तो पुन्हा पुन्हा काठावर उघडा पडतो आणि तिथे उतार मिळवायचं काम संपतच नाही. पाठीवरचा किंवा पात्याच्या मधल्या भागावरचा गंज चालेल.