पावसाळी बंदीच्या आधी घरच्या घरी करा कमी धुराची चूल



१ जून जवळ आला. त्या दिवसापासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस होड्या वर, जाळी आत आणि घरात येणारा पैसा थांबलेला. सिलिंडर मात्र थांबत नाही. म्हणून बंदीच्या दिवसांत आपल्या बहुतेक घरांत मागच्या पडवीतली चूल पुन्हा पेटते. न्हाणीचं पाणी, उकड्या तांदळाची पेज, तिसऱ्या उकडणं, दुपारचा चहा, सगळं तिच्यावर. सरपण ओलं, हवा दमट, आणि धूर थेट बाईच्या डोळ्यांत.

हा धूर साधा समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० साली घरातल्या चुलीच्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. खोकला, दमा, डोळ्यांची जळजळ आपल्या घरांत आहेच, फक्त ते कोणी चुलीच्या खात्यात लिहीत नाही. बंदीत मोकळा वेळ असतो, पण चूल बंदीच्या आधी करावी लागते, कारण माती वाळायला ऊन लागतं. म्हणून ही माहिती आत्ताच देतो.

धूर होतो कशामुळे?

धूर म्हणजे न जळलेलं सरपण. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात. ते साधारण ६०० अंशांच्या वर तापले आणि त्यांना हवा मिळाली तर जळून जातात, उष्णता देतात. तीन दगडांच्या चुलीत वारा चारी बाजूंनी लागतो, ज्वाळा थंड पडते, वायू तसेच निसटतात. म्हणजे आपण विकत आणलेलं किंवा डोक्यावरून वाहून आणलेलं सरपण धुराच्या रूपाने आकाशात सोडतो.

यावर आपल्या देशात जुन्या काळापासून काम चालू आहे. १९५० च्या दशकात हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी धुरांड्याची बिनधुराची चूल मांडली. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात अप्रोव्हेचो या संस्थेत लॅरी विनियार्स्की यांनी 'रॉकेट' चूल तयार केली. नाव मोठं, पण काम साधं. आडवं तोंड आणि उभा गळा, दोन्हींच्या भोवती उष्णता धरून ठेवणारा थर. आग गळ्यातच पूर्ण जळते आणि भांड्याखाली स्वच्छ ज्वाळा पोचते.

सामान काय लागेल?

१५ किलो खाद्यतेलाचा रिकामा चौकोनी डबा (सुमारे २४ × २४ सेंमी, उंची ३५ सेंमी). रंगाचा, औषधाचा किंवा इंजिन ऑइलचा डबा घेऊ नका.

वारुळाची, म्हणजे रोयणीची माती. खाजनातली खारी माती नको. मीठ ओलावा ओढतं आणि भिंत भुसभुशीत होते.

भाताचं तूस किंवा सुताराकडचा लाकडाचा भुसा, मातीच्या मापाइतकाच. चूल पेटली की तो आतून जळून जातो आणि मातीत बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्याच उष्णता धरतात. नुसती जड माती किंवा सिमेंट घातलं तर तेच उष्णता पिऊन टाकतं, आणि सिमेंट तर तडकतंही.

केळीच्या खांबाचे दोन तुकडे, १० सेंमी जाडीचे. हा आपला साचा. एक २५ सेंमी लांब, दुसरा ३० सेंमी.

कशी करायची?

१. डब्याचं वरचं झाकण पूर्ण कापा. एका बाजूला, तळापासून ५ सेंमी वर, १० सेंमीचं गोल भोक पाडा. कडा आत दुमडा, हात कापतो. चारही बाजूंना खिळ्याने बारीक भोकं पाडा, म्हणजे ओलावा बाहेर पडेल.

२. माती चाळून, तूस मिसळून, कमी पाण्यात मळा. मुठीत गोळा राहिला पाहिजे, ओघळता कामा नये.

३. तळाला ५ सेंमी थर दाबून भरा. २५ सेंमीचा केळीचा तुकडा भोकातून आडवा आत सरकवा. १७ सेंमी आत, बाकी बाहेर. दुसरा तुकडा त्याच्या आतल्या टोकावर, डब्याच्या मधोमध उभा ठेवा.

४. भोवती थोडी थोडी माती घालून, दांड्याने ठोकत, डबा काठापर्यंत भरा. मध्ये पोकळ जागा राहू देऊ नका.

५. तीन-चार दिवसांनी माती घट्ट झाली की केळीचे तुकडे फिरवत ओढून काढा. आधी उभा, मग आडवा.

६. तीन आठवडे सावलीत, वाऱ्यावर वाळवा. भेगा पडल्या तर पातळ मातीने भरा. मग तीन-चार दिवस बारीक काटक्यांची हलकी आग. पहिल्याच दिवशी जोराचा जाळ केला तर आत राहिलेलं पाणी वाफ होऊन भिंत फोडतं.

७. तोंडात जुन्या लोखंडी पत्र्याची पट्टी आडवी बसवा, तळापासून तिसऱ्या हिश्श्यावर. ७ सेंमी आत, बाकी बाहेर. सरपण पट्टीच्या वर, हवा पट्टीच्या खालून. खालची वाट राखेने बुजू देऊ नका. नवा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नका, तापल्यावर त्याची वाफ छातीला बाधते.

८. वर तीन समान खडे पक्के बसवा. भांडं आणि चुलीचं तोंड यांत अडीच सेंमी फट हवी. १० सेंमीच्या गळ्यातून येणारी हवा बाहेर पडायला एवढीच वाट पुरते. फट कमी झाली तर धूर मागे येतो, जास्त झाली तर उष्णता वाया जाते. खडे नदीपात्रातले किंवा खाडीतले ओले घेऊ नका, तापून फुटतात.

ही चूल भरली की जड होते, दोघांनी उचला. आणि ती किती उंचीवर ठेवायची हे रांधणाऱ्या बाईला विचारून ठरवा.

जाळायचं काय, आणि काय नाही

चूल कितीही चांगली असो, ओल्या सरपणावर ती धूरच देणार. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. सरपण आत्ताच अंगठ्याएवढं बारीक फोडा आणि जमिनीपासून उंच, छपराखाली रचा. माडाचे पिड्डे, करवंट्यांचे तुकडे, काजूच्या छाटलेल्या फांद्या, सुरूचं लाकूड, सगळं चालतं.

पुढच्या गोष्टी आपल्याच वाड्यावर चुलीत जातात, म्हणून स्पष्ट सांगतो.

नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा आग पेटवायला वापरू नका. जळताना त्यातून सायनाइडसारखा विषारी वायू निघतो.

जुन्या होडीच्या फळ्या नकोत. तळाच्या रंगात तांबं असतं, जुन्या रंगांत शिसंही असू शकतं. काजूच्या टरफलांचं तेल प्यायलेल्या फळीचा धूर कातडीला आणि घशाला झोंबतो.

फायबरचे तुकडे, थर्माकोलचे खोके, प्लास्टिकची दोरी नको.

समुद्रात वाहून आलेलं लाकूड वाळलं तरी त्यात मीठ राहतं. जळताना ते विषारी धूर देतं, शिवाय पत्रा खातं.

कुठे ठेवायची?

दोन बाजूंनी मोकळ्या पडवीत, पावसाचा सपका लागणार नाही अशी. बंद खोलीत किंवा ट्रॉलरच्या केबिनमध्ये कधीच नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, माणूस झोपेतच जातो. फायबरच्या होडीवर, आउटबोर्डच्या पेट्रोलच्या कॅनजवळ आणि रचून ठेवलेल्या जाळ्यांजवळही नाही. एक ठिणगी आणि हंगामाची दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून. काम झालं की निखाऱ्यांवर वाळू टाका.

खरंच फरक पडतो का? तोलून बघा

आमच्या शब्दावर जाऊ नका. मासळी तोलायचा काटा घरात आहेच. ५ किलो वाळकं सरपण तोला, जुन्या चुलीवर ५ लिटर पाणी उकळा, उरलेलं पुन्हा तोला. दुसऱ्या दिवशी तेच भांडं, तेवढंच पाणी, तेच सरपण नव्या चुलीवर. फरक काट्यावर दिसेल, आणि भांड्याच्या बुडावरच्या काजळीतही.

ही चूल अगदी बिनधुराची नाही. पेटवताना थोडा धूर होतो, आणि सरपण थोडं थोडं पुढे सरकवत राहावं लागतं. मोठा ओंडका घालून विसरून जाता येत नाही. पण ६१ दिवस चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला, तर तीन आठवड्यांची मेहनत फुकट नाही.

माती वाळायला तीन आठवडे लागतात आणि बंदी कोणासाठी थांबत नाही. डबा आजच शोधा. कुठे अडलं तर संस्थेत येऊन विचारा, आणि चूल पेटली की काट्यावरचा आकडा आम्हाला जरूर कळवा. तो बाकीच्या सभासदांना सांगू.