दोन मिलिमीटरचा उतार

उरणहून एका वाचकाने विचारले आहे. वडिलांनी जलरंगात रंगवलेला द्रोणागिरी डोंगर त्यांनी माउंट (चित्राभोवती खिडकी कापलेला पुठ्ठा) लावून, काच घालून मढवून घेतला होता. परवा तसबीर उघडली तर माउंटच्या खिडकीच्या चारही कडांना धरून चित्रावर तपकिरी रेघ उमटलेली. ओल आली म्हणावी, तर ती अशी सरळ रेषेत कशी येईल?

शंका रास्त आहे. ओल आलीच असणार, उरणात ती कोणाला चुकली आहे! पण रेघ ओढली ती माउंटने, आणि तीही आपल्याला सर्वांत सुबक वाटणाऱ्या जागेतून : ४५ अंशांत कापलेल्या त्या पांढऱ्या कडेतून.

माउंट शोभेसाठी असतो हा समज अर्धाच खरा. त्याचे मोठे काम म्हणजे चित्र आणि काच यांच्यात हवेला जागा ठेवणे. उरणच्या मोरा-करंज्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या खाली उतरत नाही. काच गार पडली की आतून दव धरते. चित्र काचेला टेकलेले असेल तर रंग ओघळतो, बुरशी धरते. फोटो असेल तर त्यावरचे जिलेटिन फुगून काचेला चिकटते आणि सोडवायला गेले की आजोबांच्या चेहऱ्यासकट निघते.

नेहमीचा माउंट बोर्ड साधारण १.४ मिलिमीटर जाड असतो. तो काटकोनात कापला तर कडेची सावली चित्रावर पडते. ४५ अंशांत कापला की तीच जाडी दोन मिलिमीटरच्या उतारावर पसरते आणि आपल्याकडे तोंड करून बसते. कापायचा मात्र मागच्या बाजूने. पेन्सिलीने आखलेल्या रेषेवर तिरके घुसलेले पाते दर्शनी बाजूला १.४ मिलिमीटर बाहेर निघते. त्यामुळे रेषेच्या टोकाशीच थांबलो तर समोरचा कोपरा सुटत नाही, तंतूंना धरून लटकत राहतो. जास्त पुढे गेलो तर कोपऱ्यात ओरखडा दिसतो. जाडीइतकेच पुढे जाऊन थांबायचे, चारही बाजूंना, दोन्ही टोकांना. आणि हे सगळे पुठ्ठा पालथा असताना.

या कापण्यामागचे विज्ञान पाहायचे तर करंज्याला सुरमईच्या तुकड्या करणाऱ्या कोळणीचे हात पाहा. ती मासा विळीवर नुसता दाबत नाही, पात्यावरून सरकवत नेते. टोमॅटोवर सुरी दाबली तर तो चेपतो, ओढली तर कापला जातो, हे ठाऊक सर्वांना असते. त्याचे गणित नीटपणे मांडले ते इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या टोनी अ‍ॅटकिन्स यांनी. २००४ साली सहकाऱ्यांबरोबर त्यांनी चक्क चेडर चीज आणि सलामी कापून मोजमापे घेतली. पात्याच्या आडव्या सरकेचा वेग आणि खाली जाण्याचा वेग सारखा असेल, तर (घर्षण सोडून) दाब निम्मा लागतो. सरक तिप्पट केली की दाब थेट दहाव्या हिश्शावर येतो. कृष्णविवरांवर दर आठवड्याला लेख येतात आणि विळीचे गणित सोडवणाऱ्या माणसाचे नाव कोणाला माहीत नसते, हे मला जरा खटकते.

माउंट कापतानाची मुख्य अडचण या गणितातच दडलेली आहे. पाते बोर्डात खुपसण्याच्या क्षणी सरक जवळजवळ नसते, निव्वळ दाब असतो. जोर तिथे सर्वाधिक लागतो, आणि ०.३ मिलिमीटरचे तिरके पाते तिथेच वाकते. कडेच्या सुरुवातीला जो बारीक बाक दिसतो तो याचा. हात बसलेला फ्रेमवाला पाते घुसवताना अजिबात घाई करत नाही आणि पुढची ओढ एका दमात घेतो. बोर्डाखाली तो पुठ्ठ्याचा तुकडा ठेवतो आणि दर वेळी थोडा सरकवतो, कारण जुन्या चिरेत पाते गेले की दर्शनी कड पिंजते. पातेही तो सढळ हाताने बदलतो. मऊ वस्तूने धार जात नाही असे वाटत असेल तर २०२०चे एमआयटीचे संशोधन आठवा : पोलादाहून पन्नास पट मऊ असलेला केस दाढीच्या पात्याचे टवके उडवतो. बोर्डात तर वर चुनखडीची भुकटीही असते.

आता तपकिरी रेघेकडे. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना कागद चिकटवलेला असतो. आतला गाभा उघडा पडतो तो फक्त कापलेल्या कडेला. स्वस्त बोर्डाचा गाभा लाकडाच्या कच्च्या लगद्याचा असतो. त्यातले लिग्निन उजेडात पिवळे पडते आणि आम्ल सोडते. उरणच्या शेतकऱ्यांच्या जानेवारी १९८४च्या जासई आंदोलनाची वर्तमानपत्री कात्रणे कोणी जपली असतील, तर ती आज याच कारणाने तपकिरी झालेली असतील. शिवाय १८०७मध्ये जर्मनीच्या इलिगने कागदाला राळ आणि तुरटीची खळ द्यायची युक्ती काढली. शाई फुटायची थांबली, पण तुरटी ओलाव्यात आम्ल तयार करते. कागद कुजण्यामागे हे आम्ल आहे, हे विसाव्या शतकात प्रयोगांनी ठसवले ते व्हर्जिनियातल्या विल्यम बॅरो यांनी, आणि त्यांच्याकडे रसायनशास्त्राची पदवीही नव्हती. उघड्या गाभ्यातून हे सगळे नेमके त्याच रेषेवर उतरते जिथे उताराची धार चित्राला टेकते.

म्हणून दुकानदार ‘अ‍ॅसिड-फ्री’ म्हणाला की भुलू नका. कच्च्या लगद्यातच चुनखडी मिसळली तर नवा बोर्ड तपासणीत आम्लमुक्त ठरतो; चुनखडी खर्ची पडली की लिग्निन आपले काम पुन्हा सुरू करते. खरी चाचणी लिग्निनची. फ्लोरोग्लुसिनॉलच्या आम्लयुक्त द्रावणाचा थेंब टाकला की ते लालभडक होते. कापसाच्या तंतूंच्या बोर्डात लिग्निन जवळपास नसतेच, आणि किंमत अर्थातच तशी असते.

वाचकांनी ती रेघ घरी पुसायला जाऊ नये, रंगही जाईल. ते काम कागदसंवर्धकाचे. मागचा हार्डबोर्डही बदलून घ्यावा, तोही लाकडाचाच असतो. आणि रसायने हाताशी नसतील तर फ्रेमवाल्याकडे त्याच बोर्डाचा चार-पाच वर्षांपूर्वी कापलेला, उजेडात पडलेला तुकडा मागावा. त्याची तिरकी कड अजून पांढरी असेल तर तो बोर्ड घ्यावा.