विसरलेली कळ

सायंकाळी वसईच्या किल्ल्यावर अथवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की मुंबईस ये-जा करणाऱ्या विमानांचे दिवे आकाशात लुकलुकताना दिसतात. एके काळी हे दिवे केवळ कौतुकाचा विषय होते. आज त्या विमानांत आपल्याच घरची माणसे बसलेली असतात. कोणाचा मुलगा आखाती देशात नोकरीस आहे, कोणाची लेक परदेशी नांदते आहे, आणि आयुष्यात विरार लोकलपलीकडे प्रवास न केलेली आजीही नातवंडाचे तोंड पाहण्यासाठी विमानाची पायरी चढते आहे. म्हणून विमानातील हवेच्या दाबाचा प्रश्न हा आता केवळ तज्ज्ञांनी चर्चा करण्याचा विषय राहिलेला नाही.

दिनांक २० सप्टेंबर २०१८ च्या पहाटेची घटना पुष्कळांना आठवत असेल. जेट एअरवेजचे बोइंग ७३७ जातीचे विमान १६६ प्रवासी आणि ५ कर्मचारी घेऊन मुंबईहून जयपूरला निघाले. इंजिनातील दाबाची हवा प्रवाशांच्या कक्षात सोडणारी कळ चालू करावयास वैमानिक विसरले. विमान वर चढत गेले, आतील हवा विरळ होत गेली, छतातून प्राणवायूचे मास्क खाली लोंबू लागले. सुमारे ३० प्रवाशांच्या नाकातून रक्त आले, काहींच्या कानांतूनही आले. विमान मुंबईस परत फिरले आणि प्राणहानी टळली. दोघाही वैमानिकांना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर करण्यात आले. ती कंपनीही एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. प्रकरण लोकांच्या विस्मृतीत गेले. परंतु त्यातील धडा विस्मृतीत जाऊ देणे परवडणारे नाही, असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई; त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. प्रवासी विमान ३५,००० फुटांवरून, म्हणजे एव्हरेस्टच्याही वरून उडते. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव हिस्सा असतो. विमानाच्या पोटात मात्र हवा कोंडून सहा ते आठ हजार फुटांवरील डोंगरी गावासारखी स्थिती राखली जाते. ही कोंडलेली हवा निघून गेली, तर इतक्या उंचीवर धडधाकट माणसाचीही विचारशक्ती अर्ध्या ते एका मिनिटात लोपते. आणि यातील खरा धोका असा, की त्या वेळी वेदना होईलच असे नाही. उलट कित्येकदा माणसास आपले सारे ठीक चालले आहे असेच वाटत असते. बुद्धी जात आहे हे ओळखण्यासाठी लागणारी बुद्धीच आधी गेलेली असते!

१४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात हेच घडले. दाबाचे नियंत्रण आपोआप चालण्याऐवजी हाताने चालविण्याच्या स्थितीत राहून गेले होते आणि उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ते कोणाच्या ध्यानात आले नाही. धोक्याचा भोंगा वाजला. पण तोच भोंगा जमिनीवर असताना निराळ्या दोषासाठीही वाजत असे, त्यामुळे वैमानिकांनी त्याचा भलताच अर्थ लावला. पुढे दोघेही बेशुद्ध झाले. स्वयंचलित यंत्रणेच्या हाती गेलेले ते विमान उड्डाणापासून जवळजवळ तीन तास आकाशात राहिले, आणि इंधन संपताच कोसळले. १२१ जीव गेले. दोन्ही भोंग्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून वेगळे दिवे बसविण्याची सक्ती अमेरिकेत पुढे झाली, पण त्यास २०११ साल उजाडावे लागले.

आपल्या लोकलगाडीच्या मोटरमनला गाडी चालविताना एक दांडा सतत दाबून धरावा लागतो. त्याची शुद्ध हरपली व हात सुटला, तर गाडी आपोआप थांबते. विमानाला असे जागच्या जागी थांबता येत नाही. एअरबस ए-३५० सारखी काही नवी विमाने अशा प्रसंगी आपोआप खाली उतरू शकतात हे खरे. परंतु बहुतेक विमानांत अजूनही सारी भिस्त वैमानिकाच्या सवयीवरच आहे. भोंगा वाजताच प्रथम स्वतःचा मास्क चढवावयाचा, मग कारणाचा शोध, आणि दाब सावरत नसेल तर विनाविलंब विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणावयाचे. हा क्रम त्या क्षणी विचार करून सुचत नाही. तो आधीच अंगवळणी पडलेला असावा लागतो.

प्रवाशांनाही हाच नियम लागू आहे. डोक्यावरून खाली येणारा मास्क साधारण १२ मिनिटे पुरतो, आणि विमान खाली येण्यास तेवढा अवधी पुरेसा असतो. तो ओढल्याशिवाय प्राणवायू सुरू होत नाही. पिशवी फुगली नाही तरी प्राणवायू येत असतो. आणि मास्कने नाक व तोंड दोन्ही झाकली पाहिजेत. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीच्या विमानाची खिडकी फुटली, तेव्हाच्या छायाचित्रांत कित्येक प्रवाशांची नाके उघडीच दिसतात. ही माणसे अडाणी नव्हती; त्यांनी सूचना ऐकल्या नव्हत्या, एवढेच.

आधी स्वतःचा मास्क, मग मुलाचा, ही सूचना आपल्याकडील आईला रुचणारी नाही. पाणी नाकाशी येताच पिल्लाला पायाखाली घेणारी बिरबलाच्या गोष्टीतील माकडीण तिला आठवेल. पण येथे न्याय अगदी उलटा आहे. आई शुद्धीवर राहिली तरच मूल वाचते.

यासाठी आमचे म्हणणे थोडक्यात असे. वैमानिकांना शिक्षा करून कंपन्यांची व सरकारची जबाबदारी संपत नाही. थकलेला वैमानिक, घाईचे वेळापत्रक आणि उरकून टाकलेली तपासणी यांतूनच कळा विसरल्या जातात. त्यांवर सतत लक्ष हवे. सुरक्षिततेच्या सूचना बहुधा हिंदी-इंग्रजीत दिल्या जातात. मुंबईहून सुटणाऱ्या विमानांत त्या मराठीतही दिल्या, तर त्या आजीला कळतील. आणि आपण प्रवाशांनी उड्डाणापूर्वीची ती दोन-तीन मिनिटे मोबाइल खाली ठेवून कान देऊन ऐकावे. त्या ऐकण्याला पैसा पडत नाही. संकट आले, तर मात्र ऐकावयास सवड मिळणार नाही.