एकाच धमनीचा आजार आणि कळ थांबल्यानंतरचा कार्डिओग्राम

हृदयाच्या तिन्ही धमन्या बिघडल्या असतील तर निदानाला फार विद्वत्ता लागत नाही. टीएमटीच्या, म्हणजे ट्रेडमिल चाचणीच्या पट्ट्यावर रुग्ण थोडा चालला की बहुधा आलेखच बोलतो. कस लागतो तो एकाच धमनीत अडथळा असेल तेव्हा. बाकीच्या धमन्या धडधाकट, त्यामुळे रुग्ण दम लागेपर्यंत चालतो, आलेख बिघडत नाही आणि 'टेस्ट निगेटिव्ह'चा कागद घेऊन तो घरी जातो. दोष सर्कमफ्लेक्समध्ये, म्हणजे हृदयाच्या मागच्या बाजूच्या धमनीत असेल तर विचारूच नका. 'टीएमटी निगेटिव्ह म्हणजे हृदय ठणठणीत' असं छातीठोक सांगणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे आणि ते मी सोडणार नाही.

हृदयरोगतज्ज्ञ सोन्स यांनी १९५८ साली क्लीव्हलँडमध्ये धमनीत थेट रंगद्रव्य सोडण्याची वाट उघडली आणि अडथळा डोळ्यांना दिसू लागला. १९७७च्या सप्टेंबरात झुरिकला ग्रुन्ट्झिग यांनी पहिली अँजिओप्लास्टी केली, तीही एलएडी या हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीतल्या एकुलत्या अडथळ्याचीच. थॅलियम, स्ट्रेस इको, सीटी अँजिओग्राफी हे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. प्रेशर वायरने मात्र मोठं काम केलं: चित्रात भयंकर दिसणारा अडथळा रक्तप्रवाह खरोखर अडवतो का, हे ती मोजून सांगते. अडथळ्यापलीकडच्या आणि अलीकडच्या दाबांचं हे गुणोत्तर ०.८०च्या वर असेल तर स्टेंटची घाई नको.

पण माझा जीव अडकला आहे तो हृदयरोगतज्ज्ञ वेलेन्स यांच्या साध्या कार्डिओग्रामवरच्या कामात. १९८२ साली डी झ्वान, बेअर आणि वेलेन्स यांनी दाखवून दिलं, की एलएडीच्या सुरुवातीलाच मोठा अडथळा असलेल्यांच्या आलेखात खूण उमटते ती छातीतली कळ थांबल्यावर. छातीवरच्या व्ही-२ आणि व्ही-३ या लीडमध्ये टी लहर आधी वर चढते आणि शेवटी रेषेखाली बुडी मारते, किंवा सरळ खोल, सममित उलटी होते. कळ चालू असताना हीच लहर सुलटी, साळसूद दिसू शकते. एसटी जागेवर, ट्रोपोनिन नाममात्र, रुग्ण चहा मागतोय. त्यांच्या पाहणीत ही खूण असलेल्या आणि शस्त्रक्रिया न झालेल्या १६ जणांपैकी १२ जणांना काही आठवड्यांतच हृदयाच्या पुढच्या भिंतीचा झटका आला. अशा रुग्णाला पट्ट्यावर चालवणं जिवावर बेतू शकतं. त्याला थेट अँजिओग्राफीला न्यायचं असतं. तरीही 'आता दुखत नाही ना, मग सकाळी टीएमटी करू' हे वाक्य मी कॅज्युअल्टीत अजून ऐकतो आणि अस्वस्थ होतो.

एलएडीची खूण ही अशी; सर्कमफ्लेक्समधला झटका पकडायची युक्तीही साधी आहे. व्ही-४ ते व्ही-६ च्या वायरी काढून त्याच उंचीवर मागे न्यायच्या: काखेची मागची रेषा, खवाट्याचं टोक, मणक्याची डावी कड. तिथे अर्धा मिलिमीटर एसटी वर दिसली तरी पुरे. दोन मिनिटांचं काम. पण रुग्णाला कुशीवर वळवायला आज कुणाला वेळ नाही. यंत्राने छापलेला शेरा वाचून कागद फाइलला लावला जातो. आमच्या वेळी राउंडला कॅलिपर खिशात असे आणि जुना आलेख शेजारी ठेवल्याशिवाय सर नवा हातात घेत नसत.

तो जुना आलेखच हल्ली हाती लागत नाही. थर्मल कागद काही वर्षांत पुसट होतो, मोबाइलवरच्या फोटोत नेमकी व्ही-२, व्ही-३ची ओळ कापलेली असते. म्हणून माझ्या प्रत्येक रुग्णाला मी पहिल्याच दिवशी आलेखाची झेरॉक्स काढायला पाठवतो.