भिंतीबाहेरची मंडळी

मराठी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. ‘चर्च’ ही इमारत आणि ‘मंडळी’ ही त्या इमारतीत जमणारी माणसे. ‘चर्चला चुना लावायचा आहे’, ‘मंडळीत दोन घरे नवीन आली’ अशी वाक्ये आमच्या कानांवर लहानपणापासून पडलेली. मंडळी म्हटली की ती एका जागी जमणार, हे कुणाला वेगळे सांगावे लागत नसे. गेल्या काही वर्षांत आमच्या यवतमाळकडे जी मंडळी वाढते आहे, तिला मात्र घंटा नाही, बाके नाहीत, चुना लावायला भिंतही नाही. पहाटे पाचला किंवा रात्री जेवणे आटोपल्यावर ती मोबाइलवर जमते. एक जण दारव्ह्याहून बोलतो, दुसरा पुसदहून. प्रार्थना सांगणाऱ्या बाई पुण्याला भोसरीत असतात आणि ‘आमेन’ म्हणणारा एखादा मुलगा आखातातली रात्रपाळी संपवून नुकताच खोलीवर आलेला असतो.

आमच्या भागात ही मंडळी का वाढते, हे कळण्यासाठी आधी इथली वस्ती पाहावी लागते. यवतमाळ जिल्हा सोळा तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे पावणेअठ्ठावीस लाख लोकांचा. त्याच जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रात मिळून ख्रिस्ती भरले सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही थोडे कमी. त्यांतले पुष्कळसे मुंबई, वसई, पुणे, नगर या बाजूंचे. वऱ्हाडात आम्ही पसरलेले. एखाद्या खेड्यात ख्रिस्ती घर एकच असायचे आणि दर रविवारी चर्चला यायचे तर एस. टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी, दोन्ही जायची. मग ते घर महिन्यातून एकदा येई. पावसाळ्यात तेही नाही.

तशी यवतमाळची ख्रिस्ती वस्ती आडबाजूला राहिलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट मिशनरी या भागात आले. पांढरकवड्याकडचा उमरीचा मिशन दवाखाना जुन्या माणसांना अजून आठवतो. १९५३ साली यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण इथे पाळक होण्याचे शिक्षण घ्यायला येऊ लागले. रविवारी एकाच बाकावर मणिपूरचा, केरळचा आणि वणीचा माणूस बसलेला मी पाहिला आहे. १९८३ साली सेमिनरी पुण्याला गेली. त्या वर्षापासून आमच्या मंडळीला दुरावलेल्या माणसांची सवय लागली. पोस्टमन नाताळाच्या सुमाराला परप्रांतांतून आलेली कार्डे टाकून जाई आणि आम्ही ती चर्चच्या फळ्यावर लावत असू.

पण दूर राहून एक होण्याची ही रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. १८४२ साली अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ हे पत्र सुरू केले. गावोगाव विखुरलेली चार-चार घरे त्या पत्राने एकमेकांना जोडली. कुणाचे लग्न झाले, कुठल्या शाळेला शिक्षक हवा, कुठे प्लेगने कोण गेले, हे त्यांना अशाच पत्रांतून कळे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची हकीकत तर आजच्या मोबाइलवरच्या मंडळीने आवर्जून वाचावी अशी आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. बोलता बोलता त्याने त्यांच्या हाती नवा करार दिला. पुढे टिळकांच्या मनात प्रश्नांचे मोहोळ उठले, पण विचारायचे कुणाला? घरी नाही, शेजारी नाही, जातीत तर नाहीच. त्यांनी पत्रांचा आधार घेतला, आणि तोही सुरुवातीला आपले नाव न कळवता. पलीकडे होते रेव्हरंड जस्टिन ॲबट. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी किती तरी दिवस मराठी ख्रिस्ती समाजाचा हा मोठा कवी एक नाव नसलेला पत्रलेखक होता. आज कुणी अनोळखी नंबर आमच्या प्रार्थनेत गुपचूप येऊन बसतो आणि एक शब्दही न बोलता निघून जातो, तेव्हा काही जण कुरकुरतात. मला अशा वेळी टिळकांची ती बिननावाची पत्रे आठवतात.

आमच्या लहानपणी पोस्टाने बायबलचे धडे येत. पुण्याहून चालणाऱ्या ‘व्हॉइस ऑफ प्रॉफेसी’च्या अभ्यासाला घरोघर मुले-माणसे नाव घालत. प्रश्नपत्रिका भरून पाठवायची, तपासून परत यायची, शेवटी प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र चौकटीत लावणारी काही घरे चर्चची पायरी कधी चढलेली नव्हती. त्यांना सभासद म्हणायचे की नाही, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही, कारण ती घरे चर्चच्या हिशेबातच नव्हती.

हिशेबात ती आली २०२० साली. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि पुढे अकराच दिवसांवर, ५ एप्रिलला, झावळ्यांचा रविवार होता. चर्चला कुलूप. पाळकसाहेबांनी मोबाइलवर भक्ती घ्यायचे ठरवले, तेव्हा वडीलधाऱ्यांना ते पोरखेळासारखे वाटले. उत्तम शुक्रवारी, १० एप्रिलला, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जणांनी बोलायची आमची प्रथा. त्या वर्षी सात जण सात गावांहून बोलले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेले आवाज ओळखू येऊ लागले, तशी घरोघर माणसे डोळे पुसू लागली. प्रभुभोजनाचा पेच मात्र सुटला नाही. काही मंडळ्यांनी ज्याने त्याने घरी भाकर आणि द्राक्षरस समोर ठेवावा असे सांगितले. आमच्याकडे वडील मंडळींनी ते मानले नाही. एका पंक्तीला बसल्याशिवाय भोजन कसले, असे त्यांचे म्हणणे. १६ नोव्हेंबर २०२० रोजी महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे उघडली. मग पुन्हा बंद, आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडी. चर्च उघडले तरी मोबाइलवरची मंडळी उठली नाही. ती वाढतच गेली.

तिच्यात कोण येते? बाहेरगावी कामाला गेलेली मुले येतात. गुडघे धरलेल्या आजीबाई येतात. चूल पेटवण्याआधी अर्धा तास स्वतःचा मिळतो अशा सुना येतात. एखादी आपल्या जालन्याच्या बहिणीला घेते, ती तिच्या शेजारणीला. असे करता करता आमच्या चर्चच्या बाकांवर मावणार नाहीत इतकी नावे झाली आहेत.

आणि नावांबरोबर काळज्याही आल्या. चर्चच्या नोंदवहीत माणसाचा बाप्तिस्मा, लग्न आणि मरण एका ओळीत असते. मोबाइलवर नुसता नंबर. प्रार्थनेची विनंती म्हणून एखाद्या मुलीचे आजारपण कुणी भाबडेपणाने सांगते आणि संध्याकाळपर्यंत ते शंभर घरांत पोहोचते, त्यातल्या एखाद्या घरी तिच्या लग्नाची बोलणी चाललेली असतात. कुणी अनोळखी ‘अनाथाश्रमासाठी’ पैसे मागतो. शिवाय मोठमोठ्या शहरांतले नामांकित वक्ते हाताशी आल्यावर आपल्या पाळकसाहेबांचे उपदेश लोकांना फिके वाटू लागले आहेत. नामांकित वक्ता रात्री दोनला आपल्या दारात येणार नाही, हे दुखणे आल्याशिवाय ध्यानात येत नाही.

गेल्या वर्षी नेर तालुक्यातल्या एका खेड्यात आमच्या ओळखीच्या मावशी वारल्या. गावात ख्रिस्ती घर तेवढेच. मोबाइलवर सांत्वनाचे इतके निरोप आले की वाचता वाचता बोट दुखावे. खड्डा मात्र खणला तो धुऱ्याला धुरा असलेल्या कुणब्याच्या दोन मुलांनी. पाळकसाहेब मोटारसायकलवर चाळीस किलोमीटर आले, आणि खांदा द्यायला उभे राहिले ते सारे गावचे. त्या दिवशी मला आमच्या लांबलचक यादीची लाज वाटली.

पण पुढे जे घडले तेही सांगायला हवे. मावशींच्या यजमानांना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही. रोज संध्याकाळी मावशीच त्यांना शास्त्र वाचून दाखवत. हे कळल्यावर मोबाइलवरच्या सात बायकांनी आठवड्याचे सात वार वाटून घेतले. संध्याकाळी सातला फोन येतो, एक स्तोत्र वाचले जाते, जेवलात का, गोळी घेतली का, अशी विचारपूस होते. मंगळवारी वाचणाऱ्या बाई कल्याणच्या आहेत. त्यांनी या काकांना कधी पाहिलेले नाही. पावसाळ्यात एका मंगळवारी काकांनी फोन उचलला नाही, तेव्हा त्या बाईंनी शोध घेत घेत त्याच कुणब्याच्या घरी फोन लावला. काका तापाने पडून होते. मुलांनी त्यांना नेरच्या दवाखान्यात नेले.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात जागा होती. १९१९ साली ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण सभासद कुणाला म्हणावे, हा त्यांनी विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनी आमच्या खिशातल्या मोबाइलमधून पुन्हा पुढे आला आहे. माझ्यापुरते उत्तर असे, की ज्याच्या न येण्याने कुणाचा तरी जीव खालीवर होतो, तो सभासद. मग तो बाकावर बसो की कल्याणला.

नेरच्या त्या प्रसंगानंतर आमच्या वडील मंडळींनी एक नवी वही घातली आहे. मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येकाला तीत तीन गोष्टी विचारून लिहितात: नाव, गाव, आणि तासाभरात तुमच्या दारी पोहोचू शकेल असा माणूस कोण. तिसऱ्या रकान्यात कुणी हिंदू शेजाऱ्याचे नाव देते, कुणी मुसलमान दुकानदाराचे. ज्यांनी नाव सांगायचे नाही असे ठरवले आहे, त्यांची पाने कोरी ठेवली आहेत. ज्यांचा तिसरा रकाना रिकामा आहे, त्यांच्या गावी जायचे काम या उन्हाळ्यात आम्ही चौघांनी वाटून घेतले आहे. पहिली फेरी उमरखेडकडची आहे.