वाटण्या आणि वारसा : लेखांक ७
मृत्युपत्राला माणसं लागतात

गेल्या आठवड्यात वाटणीपत्र आणि हक्कसोडपत्र यांतला फरक पाहिला. ही दोन्ही कागदपत्रं माणूस हयात असताना, सगळ्यांच्या समोर होतात. मृत्युपत्राचं तसं नाही. ते अंमलात येतं तेव्हा करणारा नसतो, आणि 'अण्णांच्या मनात असं नव्हतंच' म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला साक्षीदार आणि मृत्युपत्र अंमलात आणणारा व्यवस्थापक एवढेच उरतात. आपण सगळं लक्ष घालतो ते कुणाला किती द्यायचं यात. ही माणसं मात्र त्या दिवशी कचेरीच्या आवारात जो भेटेल तो, अशी निवडली जातात.

वळसंगचंच उदाहरण घेऊ. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं हे गाव. बऱ्याच घरांत आत कानडी आणि बाहेर मराठी. समजा, एका घरात पाच एकर रान आहे. थोरला रान करतो, धाकटा पुण्यात, मुलगी इंडीकडे दिलेली. सातबारावर नाव एकट्या वडिलांचं. त्यांना वाटतं, पाच एकर माझं, मी लिहीन तसं होईल.

तसं होईलच असं नाही. रान वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाचं असेल तर वडिलांना फक्त स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करता येतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर मुलगीही मुलांइतकीच वाटेकरी आहे. लग्न कधी झालं, दुरुस्तीच्या वेळी वडील हयात होते का, हे प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात निकाली काढले. आई, वडील, दोन मुलगे, एक मुलगी असे पाच वाटे धरले तर वडिलांच्या हातात एक एकर येतं. मृत्युपत्र त्या चाळीस गुंठ्यांचं.

पण आपण ज्याला सरसकट वडिलोपार्जित म्हणतो ते कायद्याने तसं असतंच असं नाही. आजोबांनी स्वतः खरेदी केलेलं रान त्यांच्या मृत्यूनंतर, १९५६ च्या कायद्याखाली वडिलांकडे वारसाने आलं असेल, तर ते वडिलांचं स्वतंत्र समजलं जातं आणि ते पूर्ण लिहून देता येतं. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी जुने फेरफार काढा. सातबारा आज कुणाचं नाव आहे ते सांगतो. रान घरात कसं आलं ते फेरफारातच सापडतं. आमच्यात हा कायदा नाही, असंही गावात कुणीतरी सांगतंच. हिंदू वारसा कायद्याच्या दुसऱ्या कलमात वीरशैव, लिंगायत आणि बौद्ध यांचा नावानिशी उल्लेख आहे. मुसलमान कुटुंबांना मात्र वेगळा नियम : मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच देता येतं, त्याहून जास्त द्यायचं तर मागे राहिलेल्या वारसांची संमती लागते.

आता साक्षीदार. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर चालतं. पण दोन साक्षीदार हवेतच. करणाऱ्याने त्यांच्यादेखत सही किंवा अंगठा करावा, आणि त्या दोघांनी करणाऱ्याच्या देखत सह्या कराव्यात. कोर्टात वाद गेला तर त्यांतला निदान एक जण हयात असेल तर त्याला साक्षीला यावं लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या पुराव्याच्या नव्या कायद्यातही हे कायम आहे. तरीही आपल्याकडे पंचाहत्तरीचे गृहस्थ आपल्याच वयाच्या दोन मित्रांना साक्षीला बसवतात! साक्षीदार वयाने लहान, गावात सापडणारा आणि वाटणीत काही न मिळणारा असावा. डॉक्टर मिळाले तर उत्तम.

नोंदणी केली म्हणजे मृत्युपत्र अभेद्य झालं, हाही गैरसमज आहे. ज्याला रान मिळणार त्यानेच गाडी केली, त्यानेच मजकूर सांगितला, साक्षीदारही त्यानेच आणले, असं दिसलं की कोर्ट संशयाने बघतं, आणि तो संशय फेडायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. सर्वोच्च न्यायालय हे १९५८ पासून सांगत आलं आहे. वळसंगकडे याला आणखी एक पदर आहे. आजीला कानडीच नीट कळते, दस्त मराठीत, आणि खाली अंगठा. तिला काय कळलं होतं, हा पहिला प्रश्न उलटतपासणीत येणार. मजकूर कानडीत वाचून समजावल्याचं, आणि तो कुणी समजावला हे, दस्तातच लिहा. ज्याने समजावला तोच साक्षीदार असेल तर आणखी बरं.

व्यवस्थापकाबद्दल आपल्याकडचा सर्वांत गाजलेला धडा पुण्यातला आहे. सरदार बाबामहाराज पंडित १८९७ च्या ऑगस्टमध्ये वारले. अखेरच्या आजारात त्यांनी मृत्युपत्र केलं आणि कारभार पाहणाऱ्या पंचांत लोकमान्य टिळकांचं नाव घातलं. पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा झालेला जगला नाही, तर पंचांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असं त्यात होतं. मुलगा झाला आणि काही आठवड्यांतच गेला. म्हणजे मृत्युपत्राने वाईटात वाईट शक्यताही धरली होती. १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथमहाराजांचं दत्तविधान झालं. पुढे ताईमहाराजांनी ते नाकारून कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतलं. टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झाला, शिक्षा झाली, आणि उच्च न्यायालयाने ती १९०४ मध्ये रद्द केली. दिवाणी दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५ मध्ये टिळकांच्या बाजूने सुटला. तोवर ताईमहाराज हयातही नव्हत्या. आपल्या चरित्रांत त्या बहुतेक एका खटल्याचं नाव म्हणूनच उरल्या, हे मला खटकतं.

व्यवस्थापक म्हणून टिळकांपेक्षा कष्टाळू माणूस कुठून आणणार? अडचण त्यांच्या निष्ठेची नव्हती. विधवा आणि पंच यांचं पटलं नाही तर कुणाचा शब्द अखेरचा, ही गोष्ट कागदाने मिटवायला हवी होती. आज दत्तकाचा प्रश्न क्वचित येतो, पण मतभेदाचा येतोच. एकापेक्षा जास्त व्यवस्थापक नेमाल तर न पटल्यास कुणाचं ऐकायचं ते लिहा. एक नेमाल तर तो आधी गेल्यास दुसरा कोण, तेही लिहा. आणि त्याला आधी विचारा. अनेकांना आपण व्यवस्थापक आहोत हे तेराव्यानंतर कळतं.

घरात मतिमंद किंवा स्वतःचं न पाहू शकणारं मूल असेल तर रान थेट त्याच्या नावावर करून भागत नाही. मृत्युपत्रातच विश्वस्त नेमून, उत्पन्न त्या मुलासाठीच खर्चावं असं लिहिता येतं. हयातीतच खासगी ट्रस्ट करून त्यात जमीन घालायची तर दस्ताची नोंदणी करावी लागते. मृत्युपत्रातून केला तर ती सक्ती नाही. भावाला 'तू बघून घे' म्हणण्यापेक्षा हे कधीही चांगलं. भाऊ चांगलाच असतो, पण त्यालाही सून येते, कर्ज होतं.

गावाच्या पातळीवर मृत्युपत्र पोचतं ते तलाठ्याकडे. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं असलं तरी. नोटीस निघते. कुणी हरकत घेतली तर मंडळ अधिकारी सुनावणी घेतात, पण मृत्युपत्र खरं की खोटं हे महसूल खातं ठरवत नाही. ते दिवाणी न्यायालयाचं काम. नोंद झाली म्हणून मालकी पक्की झाली नाही, आणि नोंद अडली म्हणून ती गेलीही नाही.

राहिला कागद ठेवायचा कुठे हा प्रश्न. ट्रंकेत ठेवलेला कागद ज्याच्या गैरसोयीचा त्याच्याच हाती आधी लागतो. नोंदणी कायद्यात एक सोय आहे, जिचा उपयोग फार थोडे करतात : बंद लिफाफ्यात, वर नाव लिहून, मृत्युपत्र जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं. आत काय आहे ते निबंधकही वाचत नाही. हयातीत ते करणाऱ्यालाच परत घेता येतं. मृत्यूनंतर कुणी अर्ज केला की त्याच्यासमोर लिफाफा उघडून नक्कल नोंदवली जाते, मूळ कागद तिथेच राहतो. लिफाफा कुठे ठेवला, एवढं व्यवस्थापकाला सांगून ठेवा.

पुढच्या आठवड्यात : बँकेतला नॉमिनी पैशाचा मालक असतो का? 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला वाद आणि सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२३ चा निकाल.